मनातली लिपी कीबोर्डवर आणताना

वहीच्या मागच्या पानावर स्वतःची लिपी काढलेली पोरं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कमी नाहीत. कुणी गोष्टीतल्या राज्यासाठी केलेली असते, कुणी दिवाळीच्या किल्ल्यावर शिलालेख लावायला, कुणी नुसती बाकावरच्या मित्राला चिठ्ठी द्यायला. डीटीपीच्या दुकानात बसलं की अशी वही अधूनमधून समोर येते आणि मागणी एकच असते: "काका, ह्याचा फाँट करून द्या की." फाँट होतो. पण नुसत्या फाँटनं लिपी टाईप होत नाही, आणि आधी फाँट करून मग कीबोर्ड बसवायला गेलं तर बरंच काम दुबार होतं. म्हणून हा लेख उलट्या टोकानं सुरू होतो. तुमची लिपी कागदावर तयार आहे आणि कीबोर्ड तुम्ही आजवर फक्त वापरलाय, एवढंच मी धरून चाललोय.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बोट जे दाबतं ते एक, फाईलमध्ये जे साठतं ते दुसरं, पडद्यावर जे दिसतं ते तिसरं. कीबोर्ड पहिल्यातून दुसरं काढतो, फाँट दुसऱ्यातून तिसरं काढतो. नवशिका माणूस मधली पायरी गाळतो: फाँटमध्ये इंग्रजी 'ए'च्या घरात स्वतःचं एक अक्षर बसवतो, 'बी'च्या घरात दुसरं, आणि झाली लिपी म्हणतो. दिसायला सगळं बरोबर दिसतं, पण फाईलमध्ये इंग्रजीच साठलेलं असतं.

ह्याचं पुढं काय होतं ते सीमाभागातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. ती येण्याआधीचे मराठी फाँट ह्याच पद्धतीनं चालायचे. लग्नपत्रिकेची जुनी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तो फाँट तिथं नसला, की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची गिचमिड. तीच तऱ्हा कन्नडाच्या जुन्या फायलींची. कल्पित लिपीला हे भोग नव्यानं लावून घ्यायचं कारण नाही.

उदाहरणाला एक लिपी लागेल, म्हणून पुढं सगळीकडं 'रानवट' धरू. खानापूरच्या जंगलात, मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीच्या बाजूला एक कल्पित राज्य आहे आणि तिथले लोक मराठीच बोलतात, पण ह्या लिपीत लिहितात. रानवटमध्ये ३१ व्यंजनं (ङ, ञ, ष नाहीत), १ आधारअक्षर (शब्दाच्या सुरुवातीचा स्वर ज्यावर बसवायचा ते), ८ स्वरचिन्हं, १ मोडखूण म्हणजे आपला हलंत, ८ अंक आणि ३ विरामचिन्हं. एकूण ५२. अंक आठच आहेत, कारण ही माणसं अंगठे सोडून बोटं मोजतात.

अक्षरांना घरं द्या

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. तुमच्या लिपीला तो मिळालेला नाही आणि बहुधा मिळणारही नाही. शेव्हियन ही इंग्रजीसाठी रचलेली लिपी २००३ मध्ये युनिकोडमध्ये आली खरी, पण क्लिंगॉनचा, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांच्या लिपीचा, प्रस्ताव २००१ मध्ये फेटाळला गेला. मात्र युनिकोडनं एक पट्टा मुद्दाम मोकळा सोडलाय. प्रायव्हेट यूज एरिया म्हणतात त्याला. तो ई००० पासून एफ८एफएफ पर्यंत आहे आणि त्यात ६,४०० घरं आहेत. (हे आकडे सोळाच्या पटीत मोजतात, ९ नंतर ए ते एफ येतात. त्यामुळं ३०९ नंतर ३१० नाही, ३०ए.) ह्या पट्ट्यात कुठलंही अधिकृत अक्षर कधीच येणार नाही असं युनिकोडनं ठरवून टाकलंय. इथली वस्ती म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतल्या मोकळ्या माळासारखी: कुणीही तंबू ठोकावा, सातबारा कुणाच्याच नावावर नाही.

तरी दाटीत तंबू ठोकू नये. कल्पित लिप्या करणाऱ्यांनी आपसांत एक नोंदवही ठेवली आहे, कॉनस्क्रिप्ट युनिकोड रजिस्ट्री नावाची. जॉन कोवान आणि मायकेल एव्हरसन ह्यांनी ती चालू केली. तिच्यात तेंग्वार ही टॉल्किनच्या कादंबऱ्यांतली लिपी ई००० पासून आहे, क्लिंगॉन एफ८डी० पासून. नोंदवही कुणावर बंधनकारक नाही, पण बघून घेतलेली बरी. त्याशिवाय दोन ठिकाणं टाळाच. एफ००० ते एफ०एफएफ ह्या भागात विंडोजचे चिन्हांचे फाँट आणि वेबसाईटवरची बारकी चित्रं दाटलेली असतात. आणि एफ८एफएफ ह्या शेवटच्या घरात ॲपलच्या फाँटमध्ये त्यांचं सफरचंद असतं.

रानवटला उदाहरणापुरतं एफ३०० पासून बसवू. क एफ३००, ख एफ३०१, ग एफ३०२, घ एफ३०३, असं बत्तिसावं आधारअक्षर एफ३१एफ वर येईल. मग एफ३२० ते एफ३२एफ ही १६ घरं रिकामी ठेवायची. स्वरचिन्हं एफ३३० ते एफ३३७, मोडखूण एफ३३८, अंक एफ३४० ते एफ३४७, विरामचिन्हं एफ३४८ पासून.

रिकामी घरं का? कारण सहा महिन्यांनी तुम्हाला एखादं अक्षर सुचणारच. आणि अक्षरं तुमच्या वर्णमालेच्या क्रमानंच बसवा. ह्या पट्ट्यातल्या अक्षरांचा क्रम सॉफ्टवेअरला माहीत नसतो, त्यामुळं ते घराच्या नंबरानुसार लावतं. क्रम आधीच नीट लावलेला असेल तर शब्दयादी बऱ्यापैकी नीट लागते, फुकटात.

एक इशारा: तुमची लिपी मुळात मोडीच असेल, वळणं थोडी बदललेली, तर हा पट्टा वापरू नका. मोडीला २०१४ मध्ये, युनिकोड ७.० मध्ये, स्वतःची घरं मिळाली आहेत, ११६०० पासून ११६५एफ पर्यंत. तीच वापरा आणि फाँट तेवढा तुमचा करा.

टाईप कोण करणार?

बटणांची मांडणी ह्या एका प्रश्नावर ठरते, आणि आपल्याकडं त्याचं उत्तर सरळ नसतं. एकाच घरात आजोबा इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज करतात, मुलगी कन्नड शाळेत नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरवर शिकलेली असते, आणि डीटीपी केलेला मामा इनस्क्रिप्ट ह्या सरकारी मांडणीवर डोळे मिटून टाईप करतो. तिघांच्या बोटांना तीन सवयी.

पहिली वाट उच्चाराची. 'के' दाबलं की क, त्यावर 'एच' दाबलं की ख. शिकायला सोपी. खोट दिसते ती ट-त, ड-द, ण-न ह्यांच्याशी गाठ पडली की. इंग्रजीत ह्यांना वेगळी अक्षरं नाहीत, मग शिफ्ट आलं, शिफ्टबरोबर गोंधळ आला. कन्नडासाठी के. पी. राव ह्यांनी रचलेली मांडणी, जी नुडीत वापरतात, तीही उच्चाराच्या जवळची आहे, आणि तिच्यात जोडाक्षरासाठी 'एफ' दाबायचा. ज्यांची बोटं त्यावर बसली आहेत त्यांना मोडखूण 'एफ'वर द्या, ती कुरकुरणार नाहीत.

दुसरी वाट आकाराची: अक्षर इंग्रजी ज्या अक्षरासारखं दिसतं त्या बटणावर ते. गंमत म्हणून ठीक. दोन पानं टाईप करून बघा म्हणजे कळेल.

तिसरी वाट इनस्क्रिप्टची, आणि माझा कौल तिलाच आहे. इनस्क्रिप्ट भारत सरकारनं १९८० च्या दशकात प्रमाण केलं आणि भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच ठेवली. म्हणजे 'के'च्या बटणावर मराठीत क येतो आणि कन्नडातही क-च येतो. कन्नडाला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे लागतात, तेवढी बटणं जादा. बाकी बोटं तीच. बेळगावात हा फायदा पुण्या-नाशिकपेक्षा दुप्पट आहे: रानवट इनस्क्रिप्टवर बेतली तर वडगावातल्या मराठी शाळेतलं पोरगं आणि चिक्कोडीच्या कन्नड शाळेतलं पोरगं एकाच कीबोर्डवर ती शिकतील.

इनस्क्रिप्टची रचना एकदा नीट बघून घ्या, कारण तुमची मांडणी तिच्यावरच उभी राहणार आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, त्यामुळं हात आलटून पालटून चालतात. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. आता त्यातल्या कचा वरचा शेजारी बघा: ग. तच्या वर द, चच्या वर ज, टच्या वर ड, पच्या वर ब. आणि शिफ्ट धरलं की प्रत्येकाचा महाप्राण: कचा ख, गचा घ, तचा थ, दचा ध. वर्गाचं पहिलं अक्षर पाठ झालं की उरलेली तीन आपोआप येतात. ज्यानं बाराखडी घोकली आहे त्याला हे दहा मिनिटांत कळतं. तुमच्या लिपीत क-ख-ग-घ असे वर्ग असतील तर ह्या जागा हलवू नका.

पण आंधळेपणानं उचलूही नका. इनस्क्रिप्टवर 'च्या' लिहून बघा. च उजव्या करंगळीला, हलंत 'डी'वर डाव्या मधल्या बोटाला, य पुन्हा उजव्या करंगळीला, खालच्या ओळीत तिरक्या रेघेच्या बटणावर, मग काना 'ई'वर. मराठीत च्या, ची, चे, ज्या, त्या सोडून वाक्य होत नाही, आणि करंगळी तर सगळ्यांत दुबळी. "काका, करंगळी दुखायलीय की," असं इनस्क्रिप्ट नव्यानं शिकणारा म्हणतो तो उगाच नाही. रानवटमध्ये अनुस्वार नाही, म्हणून 'एक्स' मोकळं आहे. य तिथं आणला. शेजारीच 'सी'वर म आणि 'व्ही'वर न आहेत, तेव्हा व्यंजन म्हणून तो तिथं परका वाटत नाही.

अशी दोन-तीन बटणं हलवा. दहा हलवली तर इनस्क्रिप्ट येणाऱ्यालाही तुमचा कीबोर्ड नव्यानं शिकावा लागेल, मग ह्या वाटेनं येण्यात राम राहत नाही.

स्वर आणि आधारअक्षर

इनस्क्रिप्टमध्ये 'एफ' म्हणजे वेलांटी आणि शिफ्ट धरून 'एफ' म्हणजे इ. प्रत्येक स्वर दोनदा. कल्पित लिपीत हा खर्च वाचवता येतो. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली अची बाराखडी जुन्या लोकांना आठवत असेल: अि, अी, अु, अू. रानवटचं आधारअक्षर तेच काम करतं. शब्द स्वरानं सुरू झाला की आधी आधारअक्षर, मग स्वरचिन्ह. ते वारंवार लागतं म्हणून शिफ्टमध्ये न कोंबता 'झेड'वर दिलं, तिथं मराठी इनस्क्रिप्टमध्ये नेहमीच्या कामाचं काही नसतं. स्वरांची शिफ्टची घरं सगळी रिकामी झाली. तीन विरामचिन्हं तिथं गेली.

अंक वरच्या ओळीत, ० ते ७ जिथल्या तिथं. ८ आणि ९ च्या बटणांवर काहीच देऊ नका. तिथं दुसरं काही दडवलं की कोणीतरी हिशेब लिहिताना ते दाबणारच.

मांडणी पक्की करायच्या आधी एक काम करा: रानवटमध्ये लिहायचा आहे तसाच दोन पानं मजकूर साध्या देवनागरीत टाईप करा, आणि वर्ड किंवा लिबरऑफिसच्या 'शोधा'मध्ये एकेक अक्षर टाकून किती वेळा सापडतं ते लिहून काढा. भाषा मराठी नसून तीही तुम्हीच रचलेली असेल तर आधी त्या भाषेत दोन पानं लिहा. लिहिता येत नसतील तर कीबोर्डाची घाई नाही. सगळ्यांत जास्त येणारी आठ-दहा अक्षरं मधल्या ओळीत किंवा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आवाक्यात आहेत ना, एवढंच बघायचं.

डावीकडं बसणारी वेलांटी

इथं जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस अडकतो, म्हणून इथं जरा थांबू.

'कि' लिहिताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते, पण युनिकोडमध्ये क आधी साठतो आणि वेलांटी मागाहून. पडद्यावर वेलांटी उडी मारून डावीकडं जाते, कारण अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरीचे नियम माहीत असतात. तुमच्या लिपीचे नियम त्याला माहीत नाहीत. प्रायव्हेट यूज एरियातलं प्रत्येक अक्षर त्याच्या लेखी डावीकडून उजवीकडं जाणारं एक साधं चिन्ह. ते उडी मारणार नाही. उजवीकडून डावीकडं लिहायची लिपी केली असेल तरी हीच अडचण येते, फक्त फार मोठ्या प्रमाणात. माझं ऐकाल तर पहिल्या लिपीला तो छंद नको.

वेलांटीवर तीन उपाय आहेत. लिपीच बदलून चिन्ह वर, खाली किंवा उजवीकडं न्यायचं, हा सगळ्यांत स्वस्त. किंवा टाईप करणाऱ्यालाच वेलांटी आधी दाबायला लावायची. टाईपरायटरवर शिकलेल्या जुन्या माणसांना त्यात काही वाटत नाही, बाकीच्यांना सतत चुकल्यासारखं वाटतं. तिसरा उपाय कीबोर्डाच्या नियमांचा: बोटांनी क आणि मग वेलांटी दाबायची, आणि कीबोर्डानं फाईलमध्ये क मागं सारून वेलांटी त्याच्या आधी घालायची.

हा तिसरा उपाय साध्या कीबोर्डाला जमत नाही, नियम चालवणाऱ्याला जमतो. नियम मराठीत सांगायचा तर असा: 'कर्सरच्या मागं व्यंजनांच्या यादीतलं कुठलंही अक्षर असेल आणि वेलांटीचं बटण दाबलं, तर त्या अक्षराच्या जागी वेलांटी आणि पुढं तेच अक्षर ठेव.' जोडाक्षरासाठी आणखी एक नियम लागतो, व्यंजन-मोडखूण-व्यंजन ह्या तिघांसाठी, आणि तो आधीच्या नियमापेक्षा लांब असल्यामुळं त्याला आधी मान मिळतो. बॅकस्पेसचा नियमही लिहा. नाहीतर 'कि' पुसताना क जातो आणि वेलांटी एकटीच लटकत राहते.

जोडाक्षरं: मराठी पद्धत की कन्नड?

मराठीत पहिलं अक्षर अर्धं होऊन दुसऱ्याला चिकटतं. कन्नडात पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं बारीक होऊन खाली जातं, शाळेत ज्याला ओत्तक्षर म्हणतात ते. दोन्ही डोळ्यांखालून गेलेली असल्यामुळं आपल्याकडची पोरं नकळत दोन्हींची सरमिसळ करतात. एक निवडा.

कीबोर्डाला ह्यानं काही फरक पडत नाही, दोन्हीकडं व्यंजन, मोडखूण, व्यंजन असंच साठतं. फरक फाँटमध्ये. मराठी पद्धतीत 'व्यंजन आणि मोडखूण आली की अर्धं रूप दाखव' एवढा एकच बदल लागतो, आणि अर्धी रूपं शेजारी शेजारी बसतात. कन्नड पद्धतीत खाली जाणारी रूपं शून्य रुंदीची करावी लागतात, प्रत्येक अक्षराला खाली टेकू म्हणजे अँकर द्यावा लागतो आणि दोन ओळींतलं अंतर वाढवावं लागतं. दिसायला मला दुसरी आवडते. पहिल्या फाँटला पहिलीच घ्या. आणि आपला र रफार होतो, तिरकी रेघ होतो, 'दऱ्या'त आणखी तिसराच होतो, ती हौस नव्या लिपीत करू नका.

हत्यारं

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआऊट क्रिएटर फुकट मिळतं. जुनं आहे, पण नेमाचं काम करतं. त्यात आधीचा कीबोर्ड उघडायची सोय आहे, म्हणजे देवनागरी इनस्क्रिप्ट उघडून एकेका बटणावरचं अक्षर बदलत जायचं आणि प्रकल्पाला स्वतःचं नाव द्यायचं. बटणावर थेट युनिकोड क्रमांक लिहिता येतो. शेवटी ते इन्स्टॉल करायची फाईल बनवून देतं. त्यात डेड की असतात: एक बटण दाबलं की काहीच उमटत नाही, पुढचं दाबलं की दोघांचं मिळून एक अक्षर उमटतं. फ्रेंच माणसाला त्याची सवय असते, आपल्याला नाही. पहिलं बटण दाबून काही दिसलं नाही की माणूस पुन्हा दाबतो. वेलांटीची उडी ह्या हत्यारात बसत नाही, आणि एआरएम प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवर ते कीबोर्ड चालत नाहीत.

म्हणून माझी पसंती कीमन डेव्हलपरला. हे एसआयएल ह्या संस्थेचं, फुकट आणि मुक्त स्रोताचं. नियम साध्या मजकूर फाईलमध्ये एकेका ओळीत लिहायचे: डावीकडं आधी काय होतं आणि काय दाबलं, मग बाणासारखी खूण, उजवीकडं काय व्हावं. 'के दाबलं तर एफ३००' ही एक ओळ. 'एफ३०० नंतर एच दाबलं तर एफ३०१' ही दुसरी, उच्चाराच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी. सगळी व्यंजनं एका यादीत भरून एकाच नियमात वापरता येतात, तेव्हा ३१ ओळी लिहाव्या लागत नाहीत. कीबोर्ड विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडं चालतो, आणि मोबाईलसाठी बटणांचा वेगळा तक्ता आखता येतो. मोबाईलवर शिफ्ट विसरा: ख हा कवर बोट दाबून धरल्यावर यावा.

भाषा कुठली असं ते विचारेल. मराठी देऊ नका, नाहीतर वर्ड प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढेल. भाषांच्या संकेतांमध्ये 'क्यूएए' ते 'क्यूटीझेड' हे खासगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यातला एक घ्या.

मॅकवर फक्त साधी मांडणी हवी असेल तर युकेलेले पुरे. तयार फाईल लायब्ररीतल्या कीबोर्ड लेआऊट्स फोल्डरमध्ये ठेवायची आणि लॉगआऊट होऊन परत यायचं.

फाँट आता करा. फाँटफोर्ज फुकट आहे. अक्षरं कागदावर काळ्या पेनानं काढून, स्कॅन करून, इंकस्केपमध्ये त्यांच्या कडा धरून आणता येतात. अक्षर टाकताना इंग्रजीची घरं उघडू नका, थेट एफ३०० वर जा. बदलाचे नियम लिहिताना लिपी विचारली जाते, तिथं 'डिफॉल्ट' निवडा. देवनागरी निवडलीत तर ते नियम तुमच्या अक्षरांना लागणार नाहीत आणि का लागत नाहीत ते शोधण्यात संध्याकाळ जाईल.

तपासणी

स्वतः टाईप करून बघणं ही तपासणी नव्हे. मांडणी तुम्हाला पाठच असते. बटणांचा तक्ता छापून दुसऱ्याच्या हातात द्या, अर्धं पान मजकूर द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथं थांबतो, जिथं बॅकस्पेस करतो, तिथं वहीत खूण करा. शक्यतो एक मराठी शाळेतला आणि एक कन्नड शाळेतला असे दोघं घ्या.

मग तोच मजकूर वर्ड, लिबरऑफिस आणि ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. वर्ड कधीकधी ह्या पट्ट्यातल्या अक्षरांना परस्पर दुसरा फाँट लावतं. मजकूर निवडून फाँट परत लावायचा, किंवा त्यासाठी एक स्टाईल करून ठेवायची. शब्दांमध्ये जागा सोडलीय ना तेही बघा. तुमची लिपी शब्द न तोडता सलग लिहायची असेल तर ओळ कुठं मोडावी हे कुठल्याच सॉफ्टवेअरला कळणार नाही. अशा ठिकाणी शून्य रुंदीची स्पेस घालणारं एक बटण ठेवा.

दुसऱ्याकडं पाठवताना

व्हॉट्सॲपवर रानवट पाठवली तर समोरच्याला चौकोन दिसणार. त्याच्या फोनमध्ये तुमचा फाँट नाही, आणि कीबोर्ड टाकून दिला तरी व्हॉट्सॲप तो फाँट वापरत नाही. पीडीएफ करा, त्यात फाँट आतच बसतो. नाहीतर सरळ चित्र पाठवा.

किल्ल्यासाठी फ्लेक्स छापायचं असेल तर खडेबाजारात काय किंवा तुमच्या गल्लीच्या तोंडाला काय, दुकानदार पहिल्यांदा हेच म्हणणार: "कर्व्ह करून आणा." कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये मजकुराचं रूपांतर आकारात करायचं, मग त्याच्या कॉम्प्युटरवर फाँट असो-नसो, काही बिघडत नाही. पण कर्व्ह केलेला मजकूर परत टाईप करून बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाईल वेगळ्या नावानं जपा. पेजमेकरवरच काम करणारं दुकान असेल तर त्याला मजकूर देऊच नका. पेजमेकरला युनिकोड कळत नाही.

मित्रांना देताना कीमनचं पॅकेज करा. एकाच फाईलमध्ये कीबोर्ड, फाँट आणि बटणांचा तक्ता जातो. तक्ता ए-४ कागदावर एका पानात बसेल असाच काढा, इंग्रजी अक्षर बारीक आणि रानवट ठळक, शिफ्टचं अक्षर त्याच चौकोनात वर. फाँट लोकांनी वापरावा, वाढवावा असं वाटत असेल तर त्यावर एसआयएलचा ओपन फाँट लायसन्स लावा.

आवृत्तीचा आकडा फाँटच्याही नावात घाला आणि कीबोर्डाच्याही. बटणं पुढच्या आवृत्तीत हलवता येतात. लोक कुरकुरतात आणि शिकतात. घरांचे नंबर मात्र एकदा फाईल बाहेर गेली की हलवायचे नाहीत. युनिकोडही एकदा दिलेला क्रमांक परत घेत नाही. उद्या रानवटला ष हवा झाला तर तो एफ३२० वर जाईल, सच्या शेजारी नाही. वर्णमालेत तो चुकीच्या जागी लागेल, लागू दे. एखादं अक्षर नकोसं झालं तर त्याचं घर रिकामं ठेवा आणि तक्त्यावर तिथं फुली मारा.